चटणीच्या दिवसांत शिकलेलं नाक

शालननं स्वयंपाकघराची भिंत पाडायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी विरोध मी केला. मी म्हणजे दिनकर चौगुले, अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. एकतीस वर्षं लोकांच्या घरातला धूर खाल्ला. स्वयंपाकघराला भिंत आणि दार कशासाठी असतं हे निदान मला तरी कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शालन माझी बायको आहे, आणि माझ्या भाषणांचा तिच्यावर परिणाम झाल्याचं मला आठवत नाही.

"चौतीस वर्षं भिंतीकडं तोंड करून भाकरी थापली," ती म्हणाली. "तुम्ही सगळी बाहेर बसून हसता. मी आतनं विचारते, काय झालं? मग कोणतरी सांगतं. तवर हसू सरलेलं असतंय."

आग, धूर, दार, सगळं तोंडपाठ होतं. पण त्या हसण्याचं काय करायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. मी आमच्या लेकीला फोन लावला.

प्रणोती आमची एकुलती एक. राज्याच्या गृहअग्नी मंडळात इंजिनिअर आहे, आणि कोल्हापुरातच, आमच्यापासून आठ मिनिटांवर राहते. सन दोन हजार त्रेचाळीसमध्ये घराची आतली भिंत पाडायची तर या मंडळाचा दाखला लागतो, आणि तो दाखला कुणाला द्यायचा, कसा द्यायचा, याचे नियम आमच्या प्रणोतीनंच लिहिलेत. हे मी दुकानात, बागेत, रिक्षात, जिथं जमेल तिथं लोकांना सांगतो. लोक आता रस्ता बदलतात.

रविवारी ती आली ती हातात स्टॉपवॉच घेऊनच.

"आई, आतल्या खोलीत जाऊन पड. मी हाक मारली की उठायचं, चपला घालायच्या आणि मुख्य दाराबाहेर जायचं."

"माझी परीक्षा घेतीस व्हय?"

"धुराची घेते. तू फक्त चाल."

पहिल्या वेळी शालन अशी तरातरा आली की गुडघेदुखी कुठं पळाली तेच कळेना. प्रणोतीनं तिला परत पाठवलं. "झोपेतून उठल्यासारखी ऊठ. मला फसवून तुझाच तोटा." दुसऱ्या वेळी खरा आकडा आला. एक मिनिट पस्तीस सेकंद.

मग तिनं टॅबवर आमच्या घराचा नकाशा उघडला आणि शेगडीजवळ आग लावली. खोटी आग, पण धुराचं गणित खरं. गरम धूर आधी वर जातो, छताला टेकतो, छताखाली पसरतो आणि जागा संपली की थर जाड होत होत खाली उतरतो. माणसाच्या तोंडापर्यंत तो उतरला की संपलं. आग तिथवर पोचायच्या आधीच धूर माणसाला पाडतो. स्वयंपाकघराची भिंत असेल आणि दार लावलेलं असेल तर आमच्या हॉलमध्ये धूर तोंडापर्यंत यायला नऊ मिनिटं लागत होती. भिंत नसेल तर एक मिनिट वीस सेकंद. आतल्या खोलीतून बाहेर पडायची वाट तर शेगडीसमोरूनच जाते.

"म्हणजे पंधरा सेकंद कमी पडतात," प्रणोती म्हणाली.

"बघ, मी काय म्हणत होतो," मी म्हणालो.

"बाबा, पूर्ण ऐका. पंधरा सेकंद मिळवता येतात."

तिच्या नियमात तीन गोष्टी होत्या. शेगडी बाहेरच्या वाटेपासून दूर, कोपऱ्यात सरकवायची. मुख्य दार आगीपुढं अर्धा तास टिकेल असं आणि आपोआप बंद होणारं बसवायचं, म्हणजे आमचा धूर जिन्यात जाऊन शेजाऱ्यांची वाट अडवणार नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नाक.

नाक हे लोकांनी ठेवलेलं नाव. छताला बसवायची तळहाताएवढी चकती. तिच्यावर वेगवेगळ्या लेपाचे शहाण्णव ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपका वेगळ्या वायूला प्रतिसाद देतो. शिवाय आत प्रकाशाचा एक बारीक झोत असतो, तो धुराचे कण मोजतो. पूर्वीच्या यंत्रांना धूर म्हणजे धूर, एवढंच कळायचं. खमंग फोडणी दिली की ती बोंबलायची, मग लोक त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायचे. मी स्वतः अशा पिशव्या बांधलेल्या घरांतून माणसं बाहेर काढलीत. हे नवं नाक मात्र घर शिकतं. पहिले एकवीस दिवस तुम्ही रोजच्यासारखा स्वयंपाक करायचा. नाकाला शंका आली की ते बारीक आवाजात विचारतं, तेव्हा भिंतीवरचं 'स्वयंपाक' हे बटण दाबायचं. एकवीस दिवसांनी त्याला तुमची फोडणी कुठली आणि आग कुठली हे कळायला लागतं. आग वाटली तर आठ-दहा सेकंदांत छतातल्या तोट्यांतून धुक्यासारखं बारीक पाणी सुटतं. थेंब इतके लहान की लगेच वाफ होतात, आणि वाफ होताना आगीची उष्णता ओढून घेतात. आग दबली की धूर उशिरा खाली उतरतो, आणि ते पंधरा सेकंद तिथंच मिळतात.

मी विचारलं, "आणि नाकाला सर्दी झाली तर?"

"तुमच्यासारखे प्रश्न विचारणारे आधीच हजार जण भेटलेत," लेक म्हणाली. पण हसली.

मार्चअखेर भिंत पडली. शेगडी कोपऱ्यात गेली, ओटा हॉलकडं वळला. नव्या दारावर शालन थोडी रागावली, कारण आमच्या मजल्यावर दारं उघडी ठेवायची पद्धत आणि हे दार हात सोडला की मिटणार. तिनं एकदा पाट लावून ते अडवलं, मी पाट काढला, दोन दिवस अबोला झाला. दहा एप्रिलला नाक बसलं, आणि शालनला सांगण्यात आलं की एकवीस दिवस घरात नेहमी चालतं तेच चालू दे.

आता, कोल्हापुरात एप्रिलमध्ये घरात नेहमी काय चालतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. चटणी. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरच्या, धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण, सगळं भाजायचं, तळायचं, मग डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायचं. शालन स्वतःची करते, बहिणीची करते, लेकीची करते आणि वर शेजारच्या दोन घरांची करते. त्या वर्षी चौदा किलो मिरची होती. पाच दिवस आमच्या घरात माणूस माणसाला दिसत नव्हता. मी गॅलरीत खोकत बसलो होतो. नाक सारखं विचारत होतं आणि शालन एका हातानं उलथनं हलवत दुसऱ्या हातानं बटण दाबत होती. स्वयंपाक, स्वयंपाक, स्वयंपाक.

आपल्याच घराचा दाखला देता येत नाही, म्हणून मे महिन्यात प्रणोतीचे सहकारी नदाफसाहेब तपासणीला आले. त्यांनी नियमाप्रमाणे एका ताटलीत तेल पेटवलं, दुसरीत प्लास्टिक. नाकानं दोन्ही लगेच ओळखलं. दाखला मिळाला.

त्यानंतरचे तीन महिने शालनचे होते. भाकरी थापता थापता ती बातम्यांवर शेरे मारायची, माझ्या मित्रांच्या थापा पकडायची, आणि कुणी विनोद सांगितला की सगळ्यांच्या आधी हसायची. मला कबूल करायला हवं, भिंतीच्या बाबतीत मी चुकलो होतो. तोवर तरी तसंच वाटत होतं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी गॅलरीत पेपर वाचत होतो. शालन अंघोळीला गेली होती. अचानक मला वास आला. सुती कापड जळताना येतो तो वास, बुडाशी गोडसर आणि वर घशाला धरणारा. एकतीस वर्षांत मी तो इतक्यांदा घेतलाय की झोपेतही ओळखेन. आत गेलो तर शेगडीशेजारी ठेवलेलं फडकं धुमसत होतं. ज्योत नव्हती, पण हातभर धूर वर चढत होता आणि बाजूला कागदी पिशव्यांची चळत होती. मी फडकं चिमट्यानं उचलून सिंकमध्ये टाकलं. वर पाहिलं. नाक गप्प होतं.

मला काळजी वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. मी लगेच फोन लावला. "प्रणोती, तुझ्या नाकाला माझ्या नाकानं हरवलं."

पलीकडून हसण्याची वाट पाहिली. ती हसली नाही. "किती वेळ धुमसत होतं, बाबा?"

"दोन-तीन मिनिटं असेल."

"कशाला हात लावू नका. मी येते."

ती आली, स्टूलवर चढली आणि नाकातली नोंद टॅबवर उतरवली. ती दोनदा वाचली. मग तिनं टॅब माझ्यापुढं धरला. नाकाला सगळं कळलं होतं. तीन मिनिटं दहा सेकंद त्यानं तो धूर मोजला होता, आणि दर सेकंदाला एकच निकाल दिला होता: स्वयंपाक.

"मिरचीचा देठ, कांद्याचं साल, सुती फडकं," ती हळू आवाजात म्हणाली, "सगळं झाडाचंच. मंद जळताना सगळ्यांतून जवळपास सारखेच वायू निघतात. तेलाची आग ओळखेल, प्लास्टिकची ओळखेल. पण धुमसणारं कापड, लाकूड, कागद याला चटणीच वाटणार. पाच दिवस आपणच त्याला तसं शिकवलंय."

"मग मी बटण दाबायला नको होतं?" अंघोळ करून आलेली शालन दारात उभी होती.

"नाही आई. तू बरोबर दाबलंस." प्रणोती खाली बसली. "एकवीस दिवस पुरतात हे मी प्रयोगशाळेत ठरवलं. तिथं कुणी चौदा किलो मिरची भाजत नाही. मी कोल्हापूरची, आणि माझ्या डोक्यात चटणी आली नाही."

तिनं मंडळाची यादी काढली. एप्रिल आणि मेमध्ये नाकाचं शिकणं झालेली जिल्ह्यात तीनशे बारा घरं होती. तीनशे बारा मोकळी स्वयंपाकघरं, आणि त्यांच्या आतल्या खोल्यांत दुपारी झोपणारी माणसं.

"पार्टिशन घालायचं," ती म्हणाली. "दाखला थांबवायचा. आपल्यापासून सुरुवात."

शालनचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "लोकांच्यात घाल की. हितं तुझे बाबा हायत. त्यांना वास येतोय."

"बाबा बाजारात गेले तर?"

"मग मी झोपणार न्हाई."

"आई, मी स्वतःच्या आईचं घर सोडलं, तर बाकीच्या तीनशे अकरा घरांत कुठल्या तोंडानं जाऊ?"

दोन दिवसांत जिप्समचं पार्टिशन उभं राहिलं, दारासकट. शालन पुन्हा आत गेली. लेकीशी बोलणं बंद. माझ्याशीही जेवणापुरतंच. हॉलमध्ये बसून मी टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचो, कारण हसायची सोय उरली नव्हती.

चूक करणं वेगळं आणि ती कागदावर मान्य करणं वेगळं. दलात असताना मी दुसरं फार कमी पाहिलं. प्रणोतीनं मंडळाच्या प्रमुखांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी तिला एक सोपी वाट दाखवली. रहिवाशांनी बटण नीट वापरलं नाही, असं लिहा. घरं पुन्हा तपासू, नियमाला धक्का नको, तुमच्या नावालाही नको. तिनं आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी तिनं मला पत्राची प्रत पाठवली, खाली एकच ओळ: बाबा, पाठवून दिलं.

मी पत्र वाचलं. मग पार्टिशनच्या दाराशी खुर्ची ओढली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. आत पोळ्या लाटायचा आवाज येत होता.

"'रहिवाशांनी दाबलेलं बटण बरोबर होतं. त्यांच्या घरात त्या वेळी स्वयंपाकच चालू होता. चूक एकवीस दिवसांच्या नियमात आहे, आणि तो नियम मी लिहिला आहे. माझ्या आईच्या घराचा दाखला मी सर्वप्रथम थांबवला आहे. उरलेल्या तीनशे अकरा घरांना मी स्वतः भेट देईन.'"

लाटण्याचा आवाज थांबला. शालन दार उघडून बाहेर आली, हात पिठाचे तसेच.

"बटण बरोबर होतं, असं लिवलंय?"

"हो."

"साहेबाला?"

"साहेबालाच."

तिनं पत्र हातात घेतलं, स्वतः वाचलं, कडांना पीठ लागलं. मग ती म्हणाली, "फोन लावा तिला."

फोन लागताच तिनं लेकीला बोलूच दिलं नाही. "हे बघ, तुझ्या नाकाला चटणी कळत न्हाई. मला कळते. डोळं मिटून सांगते, आता मिरची भाजतीय का खोबरं, आणि त्यात काही दुसरं जळतंय का. तेवढं त्येला कुणी शिकवलंच न्हाई. नुसता स्वयंपाक, स्वयंपाक म्हणायला लावलं. चुकीचं पण दाखवायला पायजे की."

प्रणोती म्हणाली, "आई, हे माझ्या अख्ख्या टीमला सुचलं नव्हतं."

पुढचे अकरा दिवस मंडळाच्या चाचणीघरात शालन चौगुले मुख्य होत्या. मी बघ्या होतो. एक कढई मिरचीची, तशीच दुसरी कढई मिरचीची आणि सोबत लपवलेलं धुमसतं फडकं. एकदा नुसते धणे, एकदा धणे आणि जळता कागद. प्रत्येक जोडी वीस-वीसदा. नाक दोन्हींतला फरक मोजत गेलं. कापड जळताना कार्बन मोनॉक्साईड सावकाश आणि न थांबता चढत जातो. मिरचीत तो उलथनं फिरलं की पडतो आणि परत चढतो. माणसाचा हात चालू असला की धुरालाही चढउतार असतो, हे शालननं सांगितलं आणि यंत्रानं आकड्यांत दाखवलं. नदाफसाहेब खोकून खोकून बेजार झाले. "वहिनी, आमच्या घरची चटणी इतकी तिखट नसते," असं म्हणाले, तर तिनं त्यांच्या घरची चटणी कशी करतात ते विचारून तीही भाजायला घेतली.

चाचणीघरातलं शिकणं आमच्या घरच्या नाकात उतरवलं, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरी फेरतपासणी झाली. पार्टिशनचं दार काढून ठेवलं. नियम असा की घरच्यांनी रोजचं काम करायचं आणि तपासनीस न सांगता आग ठेवणार. बहिणीला द्यायचं तिखट संपलं होतं, म्हणून शालननं खरंच दोन किलो मिरची भाजायला घेतली. घर धुरानं भरलं. नाक गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं गप्प. नदाफसाहेब ओट्याच्या टोकाला रेंगाळत होते. प्रणोती मुख्य दाराशी उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिची बोटं स्वतःच्याच दंडात रुतलेली मला दिसत होती. दाखल्यापेक्षा जास्त काहीतरी त्या बोटांत होतं. आज नाक चुकलं, तर तीनशे बारा घरांत ती भिंती कायमच्या उभ्या करणार होती, आणि पहिली आईसमोर.

मला वास आला. बुडाशी गोडसर. मी तोंड उघडणार तेवढ्यात छतात खट्ट झालं आणि पाणी सुटलं.

नऊ सेकंद. नदाफसाहेबांच्या हातातल्या घड्याळात नऊ, प्रणोतीच्या टॅबवर नऊ. पांढऱ्या धुक्यात आम्ही चौघं चिंब उभे होतो. दोन किलो मिरचीचा लगदा झाला होता. या बाईनं एकदा कढईत चार थेंब पाणी सांडलं म्हणून मला आठवडाभर ऐकवलं होतं, ती केसांतून पाणी निथळत नाकाकडं बघत होती.

"आलं त्येला," ती म्हणाली.

मग ती प्रणोतीकडं वळली आणि पदरानं तिचं तोंड पुसायला लागली. पदर ओलाच होता, त्यामुळं काही पुसलं जात नव्हतं. प्रणोती रडत होती का ते पाणी होतं हे मी नीट पाहिलं नाही. मला माझंच सावरेना. एकतीस वर्षांत मी सत्तावीस माणसं धुरातून काढली. त्या सकाळी या दोघींनी किती काढली असतील ते मोजता येणार नाही, कारण ती माणसं धुरात सापडणारच नाहीत. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि मी तो तिथंच बोलून दाखवला. कुणी ऐकलं नाही, पंप अजून चालू होता.

नियम बदलला. आता नाक एकवीस दिवसांत नाही, तर घरातला सगळ्यात तिखट धूर आणि त्यात लपलेली आग, दोन्ही ओळखून दाखवल्यावरच पास होतं. कोकणात ते सुकी मासळी भाजून शिकतं, नागपूरकडं वेगळ्याच मसाल्यावर. ते शिकवायला त्या त्या गावच्या बायका नेमल्यात, आणि त्या बायकांना शिकवायला आमच्या जिल्ह्यातून शालन चौगुले जातात. त्यांच्या ओळखपत्रावर 'प्रशिक्षक' लिहिलंय. गुडघ्याला पट्टा बांधून, डबा घेऊन, सकाळी साडेआठला लेकीच्या गाडीत बसतात.

पार्टिशन निघालं. घर मोकळं झालं. आता ओट्यापाशी मी उभा असतो. तोंड हॉलकडं, समोर रिकामा सोफा, पलीकडं मुख्य दार. माझ्या पोळ्या अजून गोल होत नाहीत. दुपारी दीडला जिन्यात दोघींचं हसणं ऐकू येतं, कुठल्यातरी घरातली गंमत एकमेकींना सांगत त्या वर येत असतात, आणि दार उघडायच्या आत मी लाटणं हातात घेऊन विचारतो, काय झालं?